चिंताविकृतीतील शारीरिक लक्षणे आणि औषधाविषयीची धास्ती

चिंता ही मनाची अवस्था आहे असे शास्त्रीय ग्रंथांत सांगितले जाते. परंतु चिंताविकृतीने पीडित झालेला मनुष्य वैद्याकडे जातो तो बहुधा शरीराची तक्रार घेऊन जातो. छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, पोटात गोळा येतो, डोके हलके होते, रात्री दचकून जाग येते, अशा स्वरूपाचे त्याचे निवेदन असते. महाराष्ट्रात या तक्रारींना 'गॅस', 'अशक्तपणा', 'बी.पी. लो होणे' अशी नावे घरीच मिळालेली असतात. त्यामुळे रुग्ण प्रथम फॅमिली डॉक्टरकडे, तेथून हृदयरोगाच्या वा पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे जातो, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचतो तो पुष्कळ विलंबाने.

तेथे औषधयोजना झाली म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो. औषध सुरू झाल्यावर शरीरात काही नव्या संवेदना होऊ लागतात, आणि रुग्णाचे लक्ष आता त्यांच्याकडे वळते. 'औषध गरम पडले', 'या झोपेच्या गोळ्या आहेत', 'सवय लागेल', 'मेंदूवर परिणाम होईल', 'जन्मभर घ्याव्या लागतील' अशा शंका त्याच्या मनात येतात व घरातील वडीलधारी माणसे त्यांस दुजोरा देतात. परिणामी काही रुग्ण उपयुक्त औषध आठ-दहा दिवसांतच टाकून देतात. याच्या उलट, काही रुग्ण अल्प काळापुरती दिलेली गोळी वर्षानुवर्षे सोडू शकत नाहीत. वरवर पाहता ही दोन वर्तने परस्परविरुद्ध आहेत. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच मानसिक व्यापार आहे. शरीरातील संवेदनेला मनुष्य कोणता अर्थ देतो, यावर रोगाची तीव्रता ज्याप्रमाणे अवलंबून असते, त्याचप्रमाणे औषधाचे यशापयशही अवलंबून असते. या व्यापाराचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. लक्षणांचे वास्तव

भय आणि शरीर यांचा संबंध हा आधुनिक शास्त्राचा शोध नव्हे. नाट्यशास्त्रात भरताने जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय यांचा समावेश होतो. हे सर्व शरीरावर उमटणारे विकार होत. मराठी भाषेतही काळजात धस्स होणे, पोटात खड्डा पडणे, हातपाय गार पडणे, तोंडचे पाणी पळणे, अंगावर काटा येणे हे प्रयोग भयाचे वर्णन अवयवांच्या द्वाराच करतात. 'धाकधूक', 'घालमेल' यांसारखे शब्द तर शरीराचे की मनाचे, हे निश्चित सांगता येणार नाही. 'जीव घाबरा झाला' असे म्हणणाऱ्या मनुष्यास भीती वाटली असेल, किंवा केवळ उन्हाने वा उपवासाने अस्वस्थ वाटले असेल.

या अनुभवांचे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण प्रामुख्याने हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांच्या संशोधनातून मिळाले. वेदना, भूक, भय आणि क्रोध या अवस्थांतील शारीरिक बदलांवरील त्यांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संकटाची चाहूल लागताच स्वायत्त मज्जासंस्थेचा अनुकंपी विभाग कार्यान्वित होतो आणि अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलीन रक्तात मिसळते. हृदयाची गती वाढते, त्वचेकडील रक्त स्नायूंकडे वळते, घाम सुटतो, लाळ कमी होते, पचनाचे कार्य मंदावते. लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. हात गार पडतात ते त्वचेकडील रक्त कमी झाल्याने, तोंडास कोरड पडते ती लाळ आटल्याने, आणि पोटात कालवते ते पचनेंद्रियांची लय बदलल्याने. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दीर्घकालीन ताणाच्या शरीरावरील परिणामांच्या अभ्यासास आरंभ केला, तेव्हापासून अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यभागातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचे महत्त्वही ध्यानी आले.

श्वासाच्या बाबतीत एक विशेष घटना घडते. भयभीत मनुष्य जलद व उथळ श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो व रक्ताची क्षारता वाढते. मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून चक्कर आल्यासारखे वाटते व आसपासचे जग खरे नाही असा भास होतो. रक्तातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण कमी झाल्याने मज्जातंतू अधिक उत्तेजित होतात, म्हणून ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात. क्वचित बोटे वाकडी होऊन आखडतातही. बरगड्यांमधील स्नायूंवर ताण पडल्याने छाती आवळल्यासारखी वाटते. श्वास पुरत नाही या समजुतीने रुग्ण आणखी जोराने श्वास घेतो. वस्तुतः त्याचा श्वास गरजेहून अधिकच झालेला असतो.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की, चिंताविकृतीतील लक्षणे काल्पनिक नसतात. ई.सी.जी. व रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्यावर 'तुम्हांला काहीही झालेले नाही' असे रुग्णास सांगितले जाते, ते अर्धसत्य असते. हृदयाला इजा झालेली नाही हे खरे. परंतु हृदय जोराने धडधडत होते, हेही तितकेच खरे. दुसऱ्या अर्ध्या भागाचे स्पष्टीकरण न मिळाल्याने रुग्ण ते स्वतःच शोधू लागतो, आणि शोधतो तो बहुधा भयानकच शोधतो.

२. सैनिकाचे हृदय: एका निदानाचा इतिहास

वैद्यकशास्त्राला स्वतःलाही हे अर्धसत्य ओलांडण्यास पाऊणशे वर्षे लागली. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–१८६५) अनेक सैनिक छातीतील धडधड, वेदना, धाप आणि थकवा या तक्रारींमुळे लढण्यास असमर्थ ठरले. फिलाडेल्फिया येथील वैद्य जेकब मेंडिस डा कोस्टा यांनी अशा सैनिकांचा पद्धतशीर अभ्यास करून १८७१ मध्ये 'क्षोभशील हृदय' या नावाने हा विकार वर्णिला. बहुतेकांच्या हृदयात रचनात्मक दोष आढळत नव्हता. तरीही विकाराचे स्थान हृदयच मानले गेले.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न ब्रिटिश सैन्यात मोठ्या प्रमाणावर उद्भवला. हृदयरोगाचे अभ्यासक टॉमस लुईस यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विकाराला श्रमाशी जोडणारे नाव दिले. कारण निरोगी मनुष्यास श्रमानंतर जे जाणवते, तेच या रुग्णांस अल्पशा श्रमाने जाणवत असे. पुढे १९४१ मध्ये पॉल वुड यांनी आपल्या व्याख्यानांत या रुग्णांची लक्षणे भयाच्या अवस्थेतील लक्षणांशी ताडून पाहिली आणि हा विकार हृदयाचा नसून भावनिक स्वरूपाचा आहे, असे प्रतिपादन केले. दरम्यान १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी चिंताविकृतीस मज्जादौर्बल्यापासून वेगळे काढून धडधड, धाप, घाम व कंप यांचे झटके तिच्या लक्षणांत गणले होते. परंतु मनोविश्लेषणाचा हा विचार आणि हृदयरोगाच्या अभ्यासकांचा विचार हे दोन प्रवाह दीर्घकाळ पृथक् राहिले. अकस्मात येणाऱ्या तीव्र भयाच्या झटक्यांस स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० मध्ये.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे सर्वसामान्य रुग्णाच्या समजुतीचे आश्चर्य वाटत नाही. धडधड हृदयात जाणवते, म्हणून दोष हृदयात असला पाहिजे, हे अनुमान डॉक्टरांनीही केले होते.

३. संवेदनेला मिळणारा अर्थ

शारीरिक क्षोभ आणि भावना यांच्या संबंधाचा प्रश्न विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये उपस्थित केला. त्यांच्या मते शरीरातील बदलांची जाणीव हीच भावना होय. हे मत तंतोतंत खरे असते, तर शरीरात कृत्रिम रीतीने बदल घडवून आणताच भावना उत्पन्न व्हावयास हवी होती. स्पेनमधील वैद्य ग्रेगोरिओ मारान्योन यांनी सुमारे २०० रुग्णांस ॲड्रेनलीन टोचून त्यांचे अनुभव १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्णांनी केवळ धडधड, कंप इत्यादी शारीरिक बदलच सांगितले. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी आपणांस 'भीती वाटल्यासारखे' होते असे म्हटले. प्रत्यक्ष भीती वाटल्याचे सांगणारे थोडेच निघाले. क्षोभ होता, परंतु त्याला विषय नव्हता.

या निरीक्षणाचा पुढील विकास स्टॅन्ली शॅक्टर व जेरोम सिंगर यांच्या १९६२ मधील प्रयोगात आढळतो. विद्यार्थ्यांस एका जीवनसत्त्वाचे इंजेक्शन म्हणून ॲड्रेनलीन देण्यात आले. त्यांपैकी एका गटास आता छाती धडधडेल, हात कापतील, चेहरा तापेल, असे अगोदर सांगितले होते. दुसऱ्या गटास काहीच सांगितले नव्हते, आणि तिसऱ्यास खोटीच लक्षणे सांगितली होती. नंतर प्रत्येकाजवळ आनंदाचे वा क्रोधाचे सोंग करणारा साथीदार बसविण्यात आला. ज्यांना इंजेक्शनचा परिणाम ठाऊक होता, त्यांच्यावर साथीदाराच्या भावनेचा प्रभाव सर्वांत कमी पडला. आपली धडधड कशामुळे आहे हे त्यांस माहीत होते. या प्रयोगातील फरक फार मोठे नव्हते, आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पुनःप्रयोगांत सर्व निष्कर्षांस पुष्टी मिळाली नाही. कारण न समजलेला क्षोभ कोणत्याही भावनेकडे सारखाच झुकत नाही, त्याचा कल अप्रिय भावनेकडेच असतो, असे त्या पुनःप्रयोगांतून दिसले. चिंताविकृतीच्या दृष्टीने ही दुरुस्ती मूळ सिद्धांताहूनही महत्त्वाची आहे.

हाच विचार डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये तीव्र भयाच्या झटक्यांस लागू केला. शरीरात एखादी किरकोळ संवेदना होते. जिना चढल्याने, चहा अधिक झाल्याने किंवा केवळ झटकन उठून उभे राहिल्याने. रुग्ण तिचा अर्थ 'हृदय बंद पडणार' असा करतो. या अर्थामुळे भय उत्पन्न होते, भयामुळे अनुकंपी मज्जासंस्था अधिक चेतते, संवेदना वाढते, आणि वाढलेली संवेदना त्या भयंकर अर्थाचा पुरावा ठरते. १९८८ मध्ये अँके एहलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चक्राची प्रायोगिक परीक्षा घेतली. हृदयाची गती एकाएकी वाढली आहे असा खोटा आवाज रुग्णांस ऐकविण्यात आला. ज्या रुग्णांनी तो खरा मानला, त्यांची चिंता तर वाढलीच, शिवाय त्यांच्या हृदयाची खरी गती व रक्तदाबही वाढला. निरोगी व्यक्तींत तसे झाले नाही. खोट्या ठोक्यांनी खरे ठोके वाढविले. मधला दुवा केवळ अर्थाचा होता.

४. औषध आणि आरंभीचे दिवस

आता औषधाकडे वळू. चिंताविकृतीवर आज प्रथम दिली जाणारी औषधे बहुधा सिरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या वर्गातील असतात. सर्ट्रलीन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटीन ही त्यांपैकी परिचित नावे होत. या औषधांचा इष्ट परिणाम जाणवण्यास सामान्यतः दोन ते सहा आठवडे लागतात. परंतु मळमळ, जुलाब, डोकेदुखी, घाम, कंप, अस्वस्थता व झोपमोड हे अनिष्ट परिणाम पहिल्या काही दिवसांतच दिसतात. याचे एक कारण उघड आहे. शरीरातील बहुतांश सिरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते, म्हणून पहिली तक्रार पोटाची होते. यांतील पुष्कळ त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो.

येथे एक विचित्र योग जुळून येतो. ज्या रुग्णास धडधड, कंप व पोटातील कालवाकालव यांचेच भय आहे, त्यास प्रारंभी त्याच संवेदना देणारे औषध दिले जाते. अन्य रोगाचा रुग्ण ज्या मळमळीकडे दुर्लक्ष करील, तीत चिंताविकृतीच्या रुग्णास विषबाधेची पूर्वसूचना दिसते. म्हणून जाणते चिकित्सक अशा रुग्णांस अत्यल्प मात्रेपासून प्रारंभ करून ती हळूहळू वाढवितात. क्लार्क यांनी वर्णिलेले चक्र येथेही तसेच फिरते. फक्त 'हृदय बंद पडणार' याच्या जागी 'औषध बाधले' हा अर्थ येतो.

अर्थाचा हा प्रभाव किती मोठा असू शकतो, याचे मोजमाप वैद्यकाच्या एका वेगळ्या शाखेत झाले आहे. अनिष्टाच्या अपेक्षेने अनिष्ट परिणाम जाणवणे यास नोसीबो म्हणतात. हा शब्द १९६१ मध्ये वॉल्टर केनेडी यांनी योजला. लंडन येथील इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० व्यक्ती घेतल्या होत्या. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे त्यांनी त्रासामुळे पूर्वीच सोडली होती. वर्षभरात त्यांस चार महिने खरी गोळी, चार महिने औषधविरहित गोळी व चार महिने रिकामी बाटली अशा अनियमित क्रमाने देऊन रोजच्या त्रासाची नोंद करण्यात आली. १०० पैकी सरासरी गुण रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ८.०, औषधविरहित गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ असे आढळले. त्रासातील वाढीचा सुमारे नऊ-दशांश भाग गोळी घेण्याच्या क्रियेशी निगडित होता, तीतील द्रव्याशी नव्हे. हे निष्कर्ष रुग्णांस दाखविल्यावर त्यांपैकी निम्म्या व्यक्तींनी औषध पुन्हा सुरू केले.

हे प्रमाण चिंताविकृतीच्या औषधांस जसेच्या तसे लावता येणार नाही. त्यांचे काही अनिष्ट परिणाम निःसंशय द्रव्यजन्य आहेत. कामेच्छा व कामक्रिया यांत होणारा बिघाड हा त्यांपैकी प्रमुख असून संकोचामुळे रुग्ण तो सांगत नाहीत, केवळ औषध बंद करतात. कोवळ्या वयातील रुग्णांत आरंभी आत्महत्येचे विचार वाढण्याचा संभव असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यरोधक औषधांवर २००४ मध्ये मुलांसंबंधी इशारा छापावयास लावला व २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू केला. तेव्हा रुग्णाची प्रत्येक तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकणे हे शास्त्रीयही नाही व सुरक्षितही नाही.

यातून चिकित्सकापुढे एक पेच निर्माण होतो. अनिष्ट परिणाम अगोदर सांगावे, तर अपेक्षेमुळे ते अधिक जाणवतील. न सांगावे, तर जाणवल्यावर रुग्णास कारण कळणार नाही आणि तो सर्वांत भयंकर अर्थ निवडील. शॅक्टर व सिंगर यांच्या प्रयोगाकडे पाहता या पेचाची उकल सांगण्याच्या रीतीत आहे असे म्हणावयास हरकत नाही. औषधाच्या वेष्टनातील पत्रकात अनिष्ट परिणामांची केवळ नामावली असते; कोणता परिणाम केव्हा येतो, किती दिवस राहतो, कशामुळे होतो आणि कोणत्या वेळी डॉक्टरांस कळविले पाहिजे, हे तीवरून समजत नाही. 'पहिले आठ-दहा दिवस पोटात मळमळेल. औषधाचे कार्य आतड्यांतही चालते म्हणून असे होते. बहुतेकांत ते ओसरते. मात्र अंगावर पुरळ उठले, जीव नकोसा वाटू लागला किंवा बेचैनी असह्य झाली, तर त्याच दिवशी कळवा' असे सांगितले असता तीच माहिती संवेदनेला निरुपद्रवी अर्थ पुरविते आणि धोक्याची लक्षणेही वेगळी काढून ठेवते.

५. सवय लावणाऱ्या गोळ्या

दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाची अडचण याहून निराळी दिसते. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून निघालेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. बेंझोडायझेपीन वर्गातील ही औषधे, आणि पुढे आलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इत्यादी, तासाभराच्या आत धडधड शमवितात. आरंभी त्रास नाही व गुण त्वरित, यामुळे त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. त्यांचा दोष उशिरा ध्यानी आला. काही आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर शरीर त्यांना सरावते, आणि औषध एकाएकी थांबविल्यास धडधड, घाम, कंप, निद्रानाश व तीव्र भय उद्भवते. आवाज व प्रकाश असह्य होतात. मात्रा मोठी असल्यास झटकेही येऊ शकतात.

ही लक्षणे मूळ रोगाशी इतकी मिळतीजुळती असतात की, 'गोळी सोडताच रोग उलटला, अर्थात रोग अजून आत आहेच' असे अनुमान रुग्ण करतो. हे अनुमान पुष्कळदा चुकीचे असते. मूळ रोग सामान्यतः हळूहळू परततो. औषध सोडल्याने होणारा त्रास काही दिवसांतच उसळतो आणि काळाबरोबर उतरत जातो. अल्प्राझोलामसारख्या अल्पजीवी औषधांत तर दोन मात्रांच्या मधल्या काळातही हा त्रास जाणवू शकतो. रुग्ण घड्याळाकडे पाहू लागतो आणि पुढच्या गोळीने मिळणारा आराम हा त्या गोळीच्या आवश्यकतेचा पुरावा मानतो.

या बाबतीत मेतिन बशोलू, आयझॅक मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष विशेष उद्‌बोधक आहेत. तीव्र भयाचे झटके व त्यांमुळे बाहेर पडण्याची भीती असलेल्या रुग्णांवर आठ आठवडे अल्प्राझोलाम आणि भयस्थानांस सामोरे जाण्याचा सराव यांची परीक्षा झाली होती. ज्या रुग्णांनी आपल्या सुधारणेचे श्रेय गोळीस दिले, त्यांस औषध कमी करताना अधिक त्रास झाला व त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक राहिले. श्रेय स्वतःच्या प्रयत्नास देणारे रुग्ण तुलनेने टिकून राहिले. गोळी खिशात असल्यावाचून घराबाहेर न पडणारा रुग्ण हेच दाखवितो. गोळी न घेताही केवळ ती जवळ असल्याने त्यास धीर येतो. परंतु संकट टळले ते गोळीमुळे अशी त्याची खात्री होत असल्याने, संकट मुळात नव्हतेच हे शिकण्याची संधी त्यास मिळत नाही.

शासनसंस्थांनी या औषधांवर वेळोवेळी निर्बंध घातले आहेत. ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्ये त्यांचा वापर दोन ते चार आठवड्यांपुरता मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला. अमेरिकेत २०२० मध्ये या संपूर्ण वर्गावरील इशाऱ्यात दुरुपयोग, अवलंबित्व व औषध सोडतानाचे धोके यांचा समावेश करण्यात आला. भारतात २०१३ मध्ये निघालेल्या व मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या एच-१ परिशिष्टात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड इत्यादी औषधे घालण्यात आली. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे व ती तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यास बंधनकारक आहे. तथापि कायदा विक्रीवर नियंत्रण ठेवू शकतो, अर्थावर नाही. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्याने भीतीपोटी ती एकदम टाकून देणे हे ती चालू ठेवण्याहून अधिक धोक्याचे ठरू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने, प्रसंगी कित्येक महिन्यांत, उतरवावी लागते. पूर्वोक्त सिरोटोनिनवर्गीय औषधेही एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचीड व विजेचा सौम्य धक्का बसल्यासारखी संवेदना होऊ शकते. पॅरॉक्सेटीनमध्ये हा त्रास अधिक, तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुओक्सेटीनमध्ये कमी आढळतो. 'सवय लागते' या एकाच वाक्याने या दोन वर्गांचे वर्णन करणे युक्त नव्हे. पहिल्यात मात्रा वाढविण्याची ओढ व दुरुपयोग संभवतो. दुसऱ्यात तो सहसा आढळत नाही, मात्र शरीरास पूर्वस्थितीवर येण्यास अवधी द्यावा लागतो.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, शारीरिक तपासणी अवश्य झाली पाहिजे. गलग्रंथीचा अतिस्राव, पांडुरोग, हृदयाच्या तालातील बिघाड, रक्तातील साखर उतरणे यांत चिंतेसारखीच लक्षणे दिसतात. दम्यावरील साल्ब्युटामोलसारख्या औषधांनी व चहा-कॉफीच्या अतिरेकानेही हात कापतात व छाती धडधडते. परंतु एकदा नीट तपासणी झाल्यावर नवे कारण नसता ती पुनःपुन्हा करणे हे रुग्णाच्या शंकेला खतपाणी घालण्यासारखे आहे. प्रत्येक निर्दोष अहवाल काही दिवस धीर देतो आणि धीर ओसरताच पुढील अहवालाची गरज उत्पन्न करतो.

दुसरी गोष्ट अशी की, औषध आणि मानसोपचार यांची विभागणी शरीर व मन अशी करणे सदोष आहे. औषधाची मात्रा ठरविणे डॉक्टरांचे काम खरे. परंतु ती मात्रा शरीरात गेल्यावर होणाऱ्या प्रत्येक संवेदनेचा अर्थ लावण्याचे काम रुग्णाचे मन करीत असते. त्या कामात त्यास साहाय्य न मिळाल्यास योग्य औषधही वाया जाते. २०१५–१६ मध्ये बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांत मानसिक विकार आढळले, आणि विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून असल्याचे दिसले. इतक्या अल्प संख्येने उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या रुग्णांपैकी कोणी केवळ गैरसमजामुळे परत फिरावे, ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

तिसरी गोष्ट मराठी भाषेतील संशोधनाशी निगडित आहे. महाराष्ट्र वरील बारा राज्यांत नव्हता. येथे चिंतामापनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या असतात व त्यांत शारीरिक आणि मानसिक लक्षणांची स्वतंत्र कलमे असतात. 'धाकधूक होते का?' या प्रश्नास आलेले होकारार्थी उत्तर कोणत्या रकान्यात घालावे? 'घाबरल्यासारखे होते' हे भयाचे निवेदन मानावे की ग्लानीचे? 'औषध गरम पडले' म्हणणाऱ्या रुग्णास तोंड येणे अभिप्रेत आहे, हातापायांची आग की केवळ बेचैनी? या शब्दांचा प्रदेशवार व वयोगटवार संग्रह करून रुग्ण ते कोणत्या संवेदनेसाठी योजतात हे पडताळून पाहणे, हा पदव्युत्तर प्रबंधासाठी योग्य व आवाक्यातील विषय आहे. रुग्ण आपल्या संवेदनेस कोणता अर्थ देतो हे जाणून घ्यावयाचे, तर प्रथम त्याच्या शब्दाचा अर्थ निश्चित झाला पाहिजे.